जगाबद्दल मत नसलेल्या मावशी

आपल्याला काय कळत नाही, हे पक्कं कळलेलं एकच माणूस मी आयुष्यात पाहिलं, आणि ते माणूस म्हणजे माझ्या बायकोची मावशी. मी लोणावळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. म्हणजे जे मला स्वतःला नीट कळलेलं नाही, त्याबद्दल पंचेचाळीस मिनिटं न अडखळता बोलण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे मावशींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझं काही खरं नव्हतं. लग्नाच्या बोलणीसाठी आम्ही कान्ह्याला गेलो होतो. माझ्या वडिलांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, की आमचा मुलगा रुपयाचं पुढे काय होणार ते आधीच सांगतो. मुलीकडची मंडळी माना डोलावत होती. कोपऱ्यात पोह्यांवर खोबरं पेरत बसलेल्या एका उंच, सडसडीत बाईंनी मान वर केली.

"दहापैकी किती वेळा?"

"म्हणजे?" मी म्हणालो.

"तुम्ही आधी सांगता, मग ते खरं होतं. दहापैकी किती वेळा?"

"तसं कधी मोजलं नाही."

"मोजा," त्या म्हणाल्या, आणि पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवली. लग्न ठरलं. मी अजून मोजलेलं नाही. हिंमत झाली नाही असं म्हणा.

यावरून मावशींना मतं नसतील असा समज कुणी करून घेऊ नये. सोमाटण्यापासून कुसगावापर्यंत जे जे म्हणून दिसतं त्या सगळ्याबद्दल त्यांना मत आहे आणि ते त्या न विचारता देतात. वांगी कशी चिरावीत, पडद्याची शिवण कुठे असावी, कुकरची शिट्टी कोणत्या सुरात वाजली म्हणजे रबर बदलायला झालं, हे सगळं त्यांचं ठरलेलं आहे. माझी मिशी उजव्या बाजूला दोन मिलिमीटर जास्त आहे, हे लग्नानंतर पहिल्याच सणाला त्यांनी सर्वांसमक्ष जाहीर केलं, आणि माझ्या बायकोने पट्टी आणून मोजलं तर दोनच निघाले. लोणावळ्याला पावसाळ्यात धुकं बघायला येणाऱ्या गर्दीबद्दलही त्यांचं मत आहे. "धुकं म्हणजे काही न दिसणं," त्या म्हणतात. "ते बघायला माणसं एवढ्या लांबून गाडी काढून येतात. घरी डोळे मिटून बसली असती तरी चाललं असतं." कुसगावला आम्ही नवं घर घेतलं तेव्हा वास्तू बघायला आलेल्या पाहुण्यांनी भिंतींच्या रंगाचं कौतुक केलं. मावशींनी पिशवीतून एक काचेची गोटी काढून न्हाणीघरात ठेवली. गोटी मोरीकडे जायच्या ऐवजी सावकाश दाराकडे आली, उंबऱ्यावर अडली. "पाणी दिवाणखान्यात येईल," मावशी म्हणाल्या. बिल्डरचा माणूस हसला. तीन दिवसांनी आमचा गालिचा गॅलरीत वाळत होता.

हा मोजण्याचा नाद कारखान्यातला. मावशी तळेगावच्या एका कारखान्यात पोलादी कड्या तपासायला होत्या. वस्तीतली पहिली बाई जिने हातात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर धरला, असं कान्ह्याला अजून सांगतात. यंत्रातून कड्या पडत राहायच्या. मावशींनी तासाला पाच कड्या उचलायच्या, मोजायच्या, सरासरी काढायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर एक टिंब द्यायचं. टिंबं इकडेतिकडे नाचत असली तर काही करायचं नाही. एकाच दिशेने सरकायला लागली तर यंत्र बंद. एवढंच काम. पण एवढंच काम तीस-बत्तीस वर्षं करताना मावशींनी माणसाच्या स्वभावाचा जो अभ्यास केला तो मोठमोठ्यांना जमलेला नाही. "एक टिंब वर गेलं की ऑपरेटर घाबरायचा, यंत्राचा स्क्रू पिळायचा," त्या सांगतात. "मग दुसरं खाली जायचं, की पुन्हा उलटा पिळायचा. यंत्राला काही झालेलं नसायचं. ह्याच्या हातालाच कंप." आणि जेव्हा टिंबं खरोखरच सरकू लागायची, तेव्हा हाच ऑपरेटर छातीवर हात ठेवून सांगायचा, की बाई, यंत्र एकदम ठीक आहे, माझा अनुभव आहे. मावशी लाल बटण दाबायच्या. फोरमन धावत यायचा. "मला काय विचारता?" मावशी तक्त्याकडे बोट दाखवायच्या. "मी काही म्हटलेलं नाही. ते म्हणतंय."

निवृत्तीनंतर गाठीशी थोडे पैसे आले, तेव्हा ते कुठे ठेवावेत हे सांगायला सोमाटण्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत निरनिराळी माणसं येऊ लागली. प्रत्येकाला पुढे काय होणार ते माहीत होतं. मावशी प्रत्येकाला चहा द्यायच्या आणि "दहापैकी किती वेळा?" एवढंच विचारायच्या. चहा संपायच्या आत माणूस उठायचा. मग एक दिवस टपालाने एका फंडाचं माहितीपत्रक आलं. हा फंड परदेशातले शेअर घ्यायचा. त्यात लिहिलं होतं, की कोणत्या देशाचं किंवा कंपनीचं पुढे काय होईल याबद्दल आम्ही काही मत बाळगत नाही. ज्यांचे भाव काही महिने चढत आहेत ते शेअर घेतो, ते उतरू लागले की सोडतो. फक्त कल बघतो. मावशींनी ते पत्रक लाल पेन घेऊन दोनदा वाचलं, छपाईच्या चार चुका सुधारल्या, आणि मला फोन केला.

"प्राध्यापक, मला काही माहीत नाही असं छापून सांगणारा माणूस पहिल्यांदा भेटला."

"पण मावशी, परदेशी शेअर? आपल्याकडच्या कंपन्या आहेत की."

"आपल्याकडच्यांबद्दल मला मत असतं. ज्या कंपनीचा साबण मी वापरते तिचा वास मला आवडत नाही, मग मी ती विकणार. नॉर्वेबद्दल मला काही वाटतच नाही. ब्राझीलनं माझं काही घेतलेलं नाही. तिथं माझं डोकं मध्ये येणार नाही."

परराष्ट्रांबद्दल इतकी स्वच्छ भूमिका मी कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाची वाचलेली नाही. मी त्यांना जपानमधल्या म्हाताऱ्या होत चाललेल्या लोकसंख्येबद्दल सांगायला लागलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला जपान माहीत आहे?" मी म्हणालो, वाचलंय. "बरं झालं. मी टिंब काढते."

कारण पैसे त्या फंडात गेले तरी मावशींचा त्या फंडावरही विश्वास नव्हता. तपासनीस बाई ती. फंडवाले शेअरच्या रेषेवर लक्ष ठेवतात, पण फंडवाल्यांवर कोण ठेवणार? म्हणून दर महिन्याच्या दोन तारखेला मावशी फंडाचा महिनाअखेरचा भाव घ्यायच्या. परदेशी फंडाचा भाव एक दिवस उशिरा कळतो, म्हणून दोन तारीख. आलेखाच्या कागदावर टिंब द्यायच्या. मग गेल्या दहा महिन्यांच्या भावांची सरासरी. नवं टिंब सरासरीच्या वर असेल तर आत राहायचं. खाली असेल तर सगळे पैसे काढून बँकेत ठेवायचे आणि वर जाईपर्यंत थांबायचं. नियम संपला. महिन्याचे बाकीचे दिवस त्या फंडाचं नावही काढत नसत. मी मोबाइलवर दिवसातून तीसदा भाव बघतो हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी काळजीने विचारलं, "ताप आलाय का त्याला?"

कागद संपला की पुढचा डिंकाने जोडायच्या. होता होता त्याची एवढी लांब गुंडाळी झाली, की ती त्या प्लंबरकडून आणलेल्या पाइपात घालून ठेवू लागल्या. दोन तारखेला गुंडाळी उलगडली, की ती दाराच्या भिंतीपासून ओट्यापर्यंत जायची. एका टोकाला पोळपाट, दुसऱ्या टोकाला वरवंटा. त्या वेळी घरात असलेल्या माणसाने पाय वर घेऊन बसायचं. माझ्या मेहुणीचं लग्न कामशेतला होतं आणि नेमकी दोन तारीख. नवरा-नवरी उभी आहेत, भंते वंदना घेतायत, आणि मावशी नाहीत. शोधायला गेलो तर स्वयंपाकघरामागे तांदळाच्या पोत्यावर गुंडाळीचा शेवटचा हातभर तुकडा पसरून बसल्या होत्या. आचारी हातात झारा घेऊन आदराने उभा. "वर आहे," त्याने मला हळूच सांगितलं, जणू नवऱ्यामुलाच्या घोड्याचीच बातमी.

तर अशा या मावशींच्या भरवशावर एक दिवस माझ्या सासूबाईंनीही आपले पैसे त्या फंडात घातले, आणि तिथून पुढची गोष्ट सुरू झाली.

सासूबाई म्हणजे मावशींची थोरली बहीण. मावशी त्यांना अक्का म्हणतात आणि त्या मावशींना धाकटे म्हणून हाक मारतात. अक्का उभं आयुष्य कान्ह्यातच राहिल्या. माझे सासरे, म्हणजे अक्कांचे मालक, वस्तीतले पहिले मॅट्रिक. घरात बसायला जागा नाही, म्हणून ते स्टेशनच्या फलाटावरच्या बाकावर अभ्यास करायचे. गाडी आली की पुस्तक मिटायचं, गेली की उघडायचं. ते गेल्यावर अक्कांनी जमिनीचा एक लहानसा तुकडा विकला. त्या पैशात विहाराशेजारी त्यांच्या नावाने मुलींसाठी एक अभ्यासिका बांधायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण पैसे हाती आले आणि अक्कांना वाटू लागलं, की थोडे वाढू द्यावेत. मग दोन खोल्या होतील. आणखी थोडे वाढले तर वर माळा. वर्ष गेलं. अभ्यासिका अक्कांच्या मनात दुमजली झाली. जमिनीवर मात्र एक वीट नव्हती.

आणि एका दोन तारखेला टिंब सरासरीच्या खाली पडलं. फार नाही, पेन्सिलीच्या टोकाएवढं.

एरवी काही प्रश्न नव्हता. बाहेर पडायचं, वर गेलं की परत आत. पण या वेळी अडचण अशी होती, की फंडांना देशाबाहेर किती पैसे नेता येतात याची सरकारी मर्यादा भरली होती. त्यामुळे फंडाने नवे पैसे घेणं बंद केलं होतं. जो आत आहे तो राहू शकतो. बाहेर पडला तर परत कधी येता येईल, ते कुणालाच माहीत नाही. मी त्या दिवशी मुद्दाम सोमाटण्याला गेलो.

"मावशी, या खेपेला नियम बाजूला ठेवा. दार बंद आहे."

"नियमात दाराचं काही लिहिलेलं नाही."

"इतकंसं तर खाली आहे!"

"किती खाली पडलं तर खाली म्हणायचं, ते मग रोज ठरवावं लागेल. ते ठरवणारी मी कोण?" त्यांनी गुंडाळी पाइपात घातली. "चला कान्ह्याला. अक्काला सांगायला हवं."

अक्का अंगणात शेंगा निवडत होत्या. मावशींची भाषा कान्ह्याच्या फाटकापाशीच बदलते.

"अक्का, काढून घ्यायचं. रेषा खाली गेली."

"आन मंग परत कदी घालायचं?"

"दार उघडंल तवा."

"कदी उघडंल?"

"मला ठावं न्हाई."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "जावयबापू, तुमी काय करनार?"

माझेही थोडे पैसे त्या फंडात होते, आणि मी राहणार होतो. माझ्या मते बाजार वर जाणार होता आणि त्याची मी पाच कारणं सांगितली. अक्कांनी हातातल्या शेंगा निवडून संपवल्या. मग म्हणाल्या, "हे लय शिकल्यालं हायेत. पर धाकटीनं मला आजवर कदी खोटं सांगितलं न्हाई. काढ बाई." आणि दोघी बहिणींचे पैसे बाहेर आले.

पुढच्याच महिन्यात भाव वर गेला. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी वर. मग तो असा काही चढत राहिला, की सोमाटण्याच्या गुंडाळीला वरच्या बाजूला कागद जोडावा लागला. पैसे बाहेर, दार बंद, आणि मावशी दर दोन तारखेला आपल्या हाताने टिंब देतायत, आदल्यापेक्षा वर. मी एकदा तिथे होतो. पेन्सिलीला टोक काढून त्यांनी टिंब दिलं आणि गुंडाळी पाइपात घातली. माझ्या मनात मात्र, खोटं कशाला बोलू, लाडू फुटत होते. पाचही कारणं खरी ठरली असं मी वर्गात, स्टाफरूममध्ये आणि दाढी करताना आरशात सांगत होतो.

अक्कांना कुणीतरी वस्तीत हिशेब करून सांगितलं, की पैसा आत राहिला असता तर माळा झाला असता. त्या दिवशी मावशी कान्ह्याला गेल्या तर अक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे केला नाही.

"धाकटे, तुज्या रेगीनं माज्या मालकाचा माळा खाल्ला."

मावशी म्हणाल्या, "व्हय."

"बाकी काय बोलाचं न्हाई तुला?"

"काय बोलू? चुकलं."

यापेक्षा त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. भांडण दुसऱ्या दिवशी मिटतं. कबूल करणाऱ्या माणसाशी पुढे काय बोलायचं, हे अक्कांना कळेना, म्हणून त्यांनी बोलणंच बंद केलं. सहा महिने दोघी बहिणी बोलल्या नाहीत. मधल्या एका सणाला अक्का चारचौघांत माझ्याबद्दल म्हणाल्या, "आमचं जावयबापू शाणं." मावशी समोरच बसल्या होत्या. मला उगाच अपराध्यासारखं झालं, आणि जेवणानंतर मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

"तुमचं बरं झालं, प्राध्यापक," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "मला आनंद आहे. पण तुम्ही बरोबर नव्हता."

"आणि तुम्ही?"

"मी चुकले. पण मी कशी चुकले ते कागदावर आहे. तुम्ही कसे बरोबर आलात, ते तुम्हाला परत करून दाखवता येईल का?"

पुढे फंडाचं दार उघडल्यावर मी त्यात आणखी पैसे घातले, पाच कारणांना सहावं जोडलं, आणि जे मिळवलं होतं त्यातलं बरंचसं घालवलं, तेव्हा मला हे वाक्य आठवलं. मावशींनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

पण अक्कांचे पैसे बँकेत पडून होते. पडून राहिलेले पैसे रोज दिसतात. वाढायचे नव्हते, तेव्हा वाट कशाची बघायची, हा विचार हळूहळू अक्कांच्या मनात उतरला असावा. एका सकाळी त्यांनी गवंड्याला बोलावलं आणि सांगितलं, की माळा नको, दोन खोल्या नकोत, एकच खोली, पण पुढल्या वर्षीच्या परीक्षेआधी.

पाया खणला त्या दिवशी मावशी सोमाटण्याहून हजर. बोलावलं कुणीच नव्हतं. हातात मापटेप, पिशवीत ओळंबा आणि ती गोटी. अक्का विहाराच्या पायरीवर पाठ करून बसलेल्या. मावशी थेट गवंड्याकडे गेल्या.

"हा कोपरा काटकोनात नाही."

गवंडी अक्कांकडे वळला. अक्का गवंड्याला म्हणाल्या, "तिला म्हनावं, तुला कुनी इचारलं?"

मावशी गवंड्याला म्हणाल्या, "तिला म्हनावं, मला इचाराया लागत न्हाई."

असं तीन महिने चाललं. दोघींमध्ये उभा राहून निरोप पोहोचवताना त्या गवंड्याचं निम्मं काम खोळंबायचं आणि उरलेलं निम्मं मावशी पाडून पुन्हा बांधायला लावायच्या. विटा भिजवल्या किती वेळ, ते घड्याळ लावून बघायच्या. दाराची चौकट बसवली तर ओळंबा लावून तीनदा काढायला लावली. गवंडी मला एकदा कामशेतला भेटला. म्हणाला, "सर, बत्तीस घरं बांधली मी. त्या खोलीसारखी सरळ खोली माझ्या हातून झाली न्हाई. होनारबी न्हाई. माझी ताकदच गेली."

शेवटी खिडकीवर गाडी अडली. गवंडी म्हणाला रस्त्याकडे ठेवू. मावशींनी मुलींची उंची मोजलेली होती, बाकाची उंची मोजलेली होती, सकाळी ऊन कुठपर्यंत येतं ते चार दिवस खडूने जमिनीवर आखलेलं होतं. त्या नुसत्या खडूच्या रेघांपाशी उभ्या होत्या. अक्का पायरीवरून उठल्या, काठी टेकत आल्या, त्या रेघा पाहिल्या. मग गवंड्याला म्हणाल्या, "खिडकी कुटं पायजे ते तिला इचार." आणि थोडं थांबून, थेट बहिणीकडे बघून, "हितं उनात नको हुबी राहू. सावलीला ये."

खोली परीक्षेआधी झाली. उद्घाटनाला भाषण नको असं अक्कांनी आधीच बजावलं होतं, कारण जावई प्राध्यापक आहेत हे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी सात मुली आल्या. अक्का दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि कुणी मोठ्याने बोललं की काठी आपटायच्या, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. त्या वर्षी त्या सातांतल्या एकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा अक्कांनी तिला घरी बोलावून पुरणपोळी घातली आणि मावशींना फोन केला. सहा महिन्यांची कसर त्या एका फोनमध्ये भरून निघाली, असं माझी बायको सांगते. ती शेजारीच होती, आणि तिचं जेवण त्यामुळे तासभर उशिरा झालं.

मी मावशींना म्हणालो, "बघा, रेषेने पैसे बाहेर काढले म्हणून खोली झाली. आत असते तर अक्का अजून माळ्याचीच वाट बघत असत्या. म्हणजे शेवटी रेषाच बरोबर."

त्या माझ्यावर खरोखर रागावल्या. एवढ्या वर्षांत तेवढंच एकदा. "रेषेला खोली माहीत नव्हती. रेषा चुकली होती, ती चुकलेलीच राहू द्या. खोली अक्कानं बांधली. तिचं श्रेय कागदाला कशाला देता?"

मग कधीतरी फंडाचं दार उघडलं. टिंब सरासरीच्या वर होतं, म्हणून मावशी परत आत गेल्या. बाहेर पडल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी चढ्या भावाने. मी हळहळलो. मावशी म्हणाल्या, "मी किती भावाला बाहेर पडले, ते रेषेला कुठं ठाऊक आहे?" आणि वरवंटा उचलून ठेवला.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. आठ दिवस अंथरुणाला होत्या. मावशी ते आठही दिवस कान्ह्यातच, उशाशी. बोलणं कमी, पण अधूनमधून एकमेकींना काहीतरी सांगून दोघी हसायच्या. बाहेर आम्हाला ऐकू यायचं नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्या खोलीच्या अंगणातच झाला. मुलींची परीक्षा जवळ आली होती, म्हणून मावशींनी कार्यक्रम आटोपताच खुर्च्या उचलायला लावल्या आणि खोली त्यांना उघडून दिली.

पुढच्या महिन्यात दोन तारखेला मी सोमाटण्याला गेलो. त्यांनी एकटं नसावं असं बायकोला वाटत होतं. गुंडाळी पसरलेली होती. मावशींनी भाव विचारला, मी मोबाइलवर बघून सांगितला, त्यांनी टिंब दिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या टिंबाच्या अलीकडची जागा कोरी आहे. आदल्या महिन्याचं टिंबच नव्हतं.

"मावशी, हा महिना राहिलाय. भाव मिळेल, थांबा, सांगतो."

"मिळतो. मला ठाऊक आहे."

"मग भरू या ना."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पण लगेच घातला नाही. "जे माप आपण घेतलं नाही ते मागून भरायचं नसतं, प्राध्यापक. कारखान्यात असं करणाऱ्याला मी घरी पाठवायची. त्या दिवशी मी बघत नव्हते. अक्का चालली होती. मी तिच्याकडे बघत होते."

मग त्यांनी दहाऐवजी नऊच भावांची बेरीज केली आणि नऊने भागलं. पट्टी ठेवून रेघ ओढत आणली. कोऱ्या जागेपाशी पेन्सिल उचलली, आणि तिच्या पलीकडे पुन्हा टेकवली.

त्या कोऱ्या महिन्यात जग वर गेलं होतं की खाली, ते माझ्या हातातल्या मोबाइलवर मला दिसत होतं. मी सांगितलं नाही.